काट्याचे खरे-खोटे

गेल्या दिवाळीला माझा धाकटा मुलगा पुण्याहून नवी मोटार घेऊन आला आणि धनत्रयोदशीच्या दिवशी उन्हे कलल्यावर आम्ही दोघे अमरावतीहून भातकुलीला निघालो. भातकुली हे आमचे मूळ गाव. अंतर फार तर अर्ध्या तासाचे. थोरले बंधू गेल्यापासून तेथे वहिनी एकट्याच राहतात. पण जुन्या घराच्या देवळीत एक पणती लावून आल्याशिवाय आम्हांला दिवाळी आल्यासारखे वाटत नाही. त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता. त्याच्याविषयी पुढे सांगेन.

मला मोटार चालवता येत नाही. अशा माणसाला पुढच्या सीटवर बसवले म्हणजे त्याला दोनच उद्योग असतात. एक, रस्त्याकडे पाहत पायाखाली नसलेला ब्रेक दाबीत राहणे. आणि दुसरा, चालकासमोरच्या फळीवरचे काटे नि दिवे वाचीत बसणे. पहिल्या उद्योगाने चालवणारा चिडतो हे अनुभवाने कळल्यापासून मी दुसरा पत्करला आहे.

ह्या फळीला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून साहेबाच्या घोडागाडीत पुढे एक फळी उभी करीत, तीच ही. घोडा गेला, चिखलही बराचसा गेला, फळी मात्र राहिली आणि तिने धंदा बदलला. जी पूर्वी नको ते अडवीत होती, ती आता एरवी जे दिसले नसते ते दाखवू लागली. आमच्या लहानपणीच्या दमणीला अशी फळी नव्हती. बैलाचे कान, त्याचा श्वास, तोंडाला आलेला फेस, एवढ्यावरून दादा ओळखीत की आता जनावराला उभे करून पाणी पाजले पाहिजे. बैलाचे दुखणे बैलाच्या अंगावर दिसत असे. यंत्राचे दुखणे आत असते. म्हणून त्याला काटे आणि दिवे लावावे लागतात.

तर मी काटा वाचीत होतो. काटा ६४ वर होता. शेजारी मुलाने फोन अडकवला होता आणि तो उपग्रहांच्या मदतीने आमचा वेग ६० सांगत होता. एकाच मोटारीचे एकाच क्षणी दोन वेग पाहून मी अस्वस्थ झालो.

"बाबा, साठच खरे," मुलगा म्हणाला. "गाडीचं मीटर नेहमी थोडं वरच दाखवतं. नियमच आहे तसा."

खोटे दाखवण्याचा नियम! मी आयुष्यभर शाळेत मास्तरकी केली. खरे बोलावे हे पाटीवर गिरवून घेण्यात माझी हयात गेली. मी त्याला खोदून खोदून विचारले आणि घरी आल्यावर थोडे वाचलेही. गोष्ट खरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने वेगदर्शकासाठी केलेला ३९ क्रमांकाचा नियम अनेक देश पाळतात. त्यात असे आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल. पण तोही खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर ताशी ४ किलोमीटर, एवढ्याच मर्यादेत. म्हणजे मोटार ताशी १०० ने धावत असता काटा ११४ पर्यंत जाऊ शकतो. ९९ वर मात्र त्याने राहू नये.

हे असे का, हे समजायला काट्याचे काम समजले पाहिजे. १९०२ साली ऑटो शुल्झे ह्या जर्मन गृहस्थाने वेगदर्शकाचे पेटंट घेतले. त्याची युक्ती साधी होती. चाकाबरोबर एक लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती धातूची एक वाटी असते, चुंबक तिला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ह्या ओढाताणीत वाटी जेवढी वळेल तेवढा काटा सरकतो. आता चुंबकाची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली आहे, पण एक गोष्ट बदललेली नाही. काटा रस्ता पाहत नाही; तो चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक किंचित लहान होते, तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घेते आणि काटा वर जातो. टायर नवा, भरदार असला की फेरे कमी पडतात आणि काटा खाली येऊ पाहतो. म्हणजे नेमके सत्य सांगणे काट्याच्या आवाक्यातच नसते. चूक अटळ असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी, एवढेच माणसाच्या हाती उरते. नियम करणाऱ्यांनी ती बाजू निवडली. काट्याने जास्त दाखवले तर आपण घरी दोन-चार मिनिटे उशिरा पोहोचू. कमी दाखवले तर कदाचित आपण पोहोचणार नाही, किंवा रस्त्याने चाललेले दुसरेच कोणी त्याच्या घरी पोहोचणार नाही.

महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयी ते अर्धे सत्य तो बोलला आणि रथ जमिनीला टेकला. ही कथा मी वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. त्या दिवशी मला वाटले, मग आमच्या मोटारीचा काटा हे चार किलोमीटर वर चालतो, त्याचा हिशेब कोणत्या खात्यात घालायचा? थोडा विचार केल्यावर फरक दिसला. युधिष्ठिराच्या बोलण्याचा लाभ युधिष्ठिराला होता आणि त्याचे मोल द्रोणांनी दिले. काट्याला आपल्या बोलण्यातून काहीच मिळवायचे नसते. तो ज्याला सांगतो त्याच्याच भल्याकडे झुकतो, आणि किती झुकायचे ह्याची मर्यादा उघड लिहून ठेवलेली असते. ज्याची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे, त्याला खोटे म्हणावे की सावधपणा म्हणावे?

ही मर्यादा हवीच. आमच्या आईला ती नव्हती. आम्ही मुले पेढी नदीवर जाऊ नये म्हणून गुडघाभर पाण्यालाही ती 'हत्ती बुडेल एवढं' म्हणत असे. आम्ही लवकरच शहाणे झालो आणि आई जे सांगेल त्याचे निम्मे करून घेऊ लागलो. एका पावसाळ्यात तिने सांगितलेले सर्वच्या सर्व खरे होते आणि धाकट्या चुलतभावाला लोकांनी केसाला धरून बाहेर काढले. जो नेहमीच फार वाढवून सांगतो त्याचे ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि एखाद्या दिवशी ती वजाबाकी अंगाशी येते.

पण खरे सांगायचे तर वाढवून सांगणारी माणसे आमच्या घरात एक आईच. बाकी सारे घर उलट्या नियमाने चालले. दुखणे असो, कर्ज असो, नापिकी असो, काटा खऱ्यापेक्षा वर कधीच जायचा नाही, नेहमी खाली. मी अमरावतीहून दर रविवारी दादांना फोन करीत असे.

"कसं काय, दादा?"

"ब्येस हाय. तू काहून फिकर करून राह्यला?"

वर्षानुवर्षे हेच. पाऊस पडला तरी ब्येस, न पडला तरी ब्येस. ज्या वर्षी बोंडअळीने कपाशी बसवली त्याही वर्षी ब्येसच.

दादांची एक जुनी जीप होती. भातकुलीचा परिसर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, भारी, तूर-कपाशीला चांगली. पण खालचे पाणी खारट. विहिरीचे पाणी पिववत नाही, पिकाला दिले तर जमीन बिघडते. दादा तेच पाणी जीपच्या रेडिएटरमध्ये ओतीत. जीपच्या फळीवर उष्णता दाखवणारा एक काटा होता. तो हळूहळू उजवीकडे सरकू लागला. मी म्हटले, "दादा, काटा वर गेला आहे." दादांनी काचेवर बोटाने टिचकी मारली. "काटाच खोटा हाय. गाडी ब्येस चालते."

एका उन्हाळ्यात भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बसले. मिस्त्रीने रेडिएटर उघडून दाखवला. आतल्या नळ्यांना क्षारांचा पांढरा थर धरला होता. पाणी जायला सुईएवढी वाट उरली होती. "काटा तर बरोबर होता, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "तुमीच त्याले खोटा ठरवला."

आता अनेक नव्या मोटारींत हा काटा वेगळ्या रीतीने वागतो. इंजिनची उष्णता थोडी वर, थोडी खाली होतच असते. पण काटा हलला की मालक घाबरून गॅरेजमध्ये येतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी अशी योजना असते की नेहमीच्या मर्यादेत उष्णता बदलली तरी काट्याने मध्यावरच थांबावे. काही मोटारींत तर काटाच नसतो. इंजिन थंड असता एक निळा दिवा आणि फार तापले की लाल. मुलाने हे सांगितले तेव्हा मला दादांचा आवाज ऐकू आला. मध्यावर ठेवलेला काटा म्हणजेच 'ब्येस हाय.' समोरच्याला उगाच काळजी नको, एवढाच त्यात हेतू. मात्र मोटारीत त्या काट्याच्या पाठीमागे लाल दिवा राखून ठेवलेला असतो. दादांपाशी तो नव्हता.

२०११ साली, कापसाची वेचणी सुरू झाली त्याच आठवड्यात दादा गेले. छातीत कळ वर्षभर येत होती, हे वहिनींनी नंतर सांगितले. "तुम्हाले सांगू नको म्हने, भाऊजी. त्याच्या मागं त्याचा संसार हाय म्हने."

दादांच्या ह्या वागण्याला मी खोटेपणा म्हणू शकत नाही. आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात मोठेपण आहे. तरीही तिच्यात अभिमानाचा एक धागा असतोच. त्यालाही आमच्या गावची परंपरा आहे. भातकुली म्हणजे पुराणातले भोजकट, असे मानतात. श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले तेव्हा तिचा भाऊ रुक्मी रथ घेऊन पाठीमागे धावला. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, असा शब्द देऊन तो निघाला होता. तो हरला, पण शब्दाला जागला; वडिलांच्या नगरात तो परतला नाही, त्याने भोजकट वसवले आणि तेथेच राहिला. आमचे गाव असे एका पाळलेल्या शब्दातून उभे राहिले आहे! परंतु रुक्मीचे ते सत्य कोणाच्या उपयोगाचे होते? माहेरी भावाची वाट पाहणारे दार त्याने बंद केले आणि मान राखला तो फक्त स्वतःचा. काही सत्ये माणूस स्वतःच्या मानासाठी बोलतो आणि काही असत्येही स्वतःच्या मानासाठीच बोलतो. 'ब्येस हाय' हे दुसऱ्या जातीचे होते, असे मला आता वाटते.

एवढे लिहून मी थांबलो असतो तर सारा दोष दादांच्या माथी जाऊन मी मोकळा झालो असतो. पण फळीवर एक घंटीही असते.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेग ८० च्या वर गेला की थांबून थांबून आणि १२० च्या वर गेला की सतत, अशी सूचना वाजते. पुढे बसलेल्याने पट्टा लावला नाही तरीही वाजते. ह्यावर आपल्या लोकांनी काय केले? पट्ट्याच्या खाचेत अडकवायची एक चपटी क्लिप बाजारात आली. ती बसवली की मोटारीला वाटते पट्टा लावला, आणि ती गप्प होते. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ह्यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर पट्ट्याविना बसले होते. त्यानंतर पट्ट्यांची चर्चा देशभर झाली. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश काढले आणि पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांतून अशा क्लिपांच्या १३,११८ नोंदी काढल्या गेल्या. खरे बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी माणसे पदरचे पैसे मोजतात, आणि ते तोंड तर आपलाच जीव वाचवण्यासाठी उघडलेले असते!

मी हसलो असतो. पण मला एक रविवार आठवला. दादा जाण्याच्या साधारण वर्षभर आधीचा. त्या दिवशी ते नेहमीसारखे ब्येस म्हणाले नव्हते. "छातीत थोडं भरल्यावानी वाट्टे," असे म्हणाले होते. आणि मी, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेला मी, म्हणालो होतो, "गॅस असेल, दादा. रात्री उशिरा जेवता तुम्ही." ते हसून "असंन" म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. वहिनींना त्यांनी 'सांगू नको' म्हटले ते त्यानंतर. खाचेत क्लिप मी बसवली होती, तीही फुकट.

तेव्हा कमी दाखवणारा काटा एकट्या सांगणाऱ्याचा नसतो. तो ऐकणाऱ्यानेही वाकवलेला असतो. घरात एकदा कोणी खरे दुखणे बोलले आणि आपण ते हसण्यावारी नेले, चिडलो, किंवा उलट एवढे घाबरलो की त्यालाच आपली समजूत काढावी लागली, की पुढच्या वेळी तो काटा मध्यावर बसतो तो कायमचाच.

मग सारेच सांगावे का? उठल्यापासून निजेपर्यंत गुडघे, झोप, पोट, पैसा ह्यांचे गाऱ्हाणे? तसेही नाही. मोटारीच्या आत शेकडो गोष्टी मोजल्या जात असतात. त्या सर्व फळीवर आल्या तर चालकाला रस्ता दिसायचा नाही. म्हणून फळीवर तेवढेच येते ज्याच्यावर ऐकणारा काही करू शकतो, आणि तेही रंग लावून. हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती. पिवळा म्हणजे आज थांबायला नको, पण विसरायचेही नाही. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून आताच थांब. खरे बोलण्याची एवढी स्वच्छ पायरी कोणत्या नीतिग्रंथात सापडेल, मला सांगता येत नाही. घरातही हेच पुरे आहे. जिथे दुसऱ्याचा हात लागू शकतो तेथे सांगावे, त्याचा रंग सांगावा, आणि कमी करून मात्र कधी सांगू नये.

त्या दिवशी अर्ध्या वाटेवर फळीवर एक पिवळा दिवा लागला होता. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. मी दचकलो. "एका टायरची हवा कमी झाली आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "घाबरू नका. हळू जाऊ आणि हवा भरून घेऊ." आणि भातकुलीला पोहोचल्यावर त्याने ती प्रथम भरून घेतली. मी ते पाहत होतो आणि खिशातल्या कागदाला हात लावीत होतो. तो माझ्या हृदयाच्या तपासणीचा कागद होता. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मला पट्ट्यावर चालवून आलेख काढला होता आणि म्हटले होते, "दिवाळी होऊ द्या, पण फार लांबवू नका." म्हणजे पिवळा दिवा. मी तो घरात कोणालाच दाखवला नव्हता. मुले सणाला आली आहेत, कशाला त्यांचा आनंद घालवा? मीही दादांचाच भाऊ.

देवळीत पणती लावली, वहिनींच्या हातचा फराळ झाला आणि अंधार पडता पडता आम्ही परत निघालो. मुलाने मोटार चालू केली. क्षणभर फळीवरचे लाल, पिवळे सारे दिवे एकदम पेटले आणि मग एकेक करून विझले.

"हे काय?" मी विचारले.

"काही नाही. चालू करताना गाडी सगळे दिवे एकदा लावून पाहते. दिवाच गेलेला असला तर बिघाड झाला तरी कळणार नाही ना!"

दिवा लागत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे नव्हे, दिवाच गेलेला असेल! आमच्या घरात कितीतरी वर्षे एकही लाल दिवा लागला नव्हता आणि ह्याला आम्ही सुख म्हणत होतो. बाहेर गल्लीत दारोदारी पणत्या लागल्या होत्या. मला वाटले, वर्षातून एकदा सारी माणसे एका छपराखाली येतात, सारे दिवे एकदम लागतात, ते बहुधा ह्याचसाठी असावे. कोणाचा दिवा अजून लागतो आणि कोणाचा लागत नाही, हे पाहून घ्यायला.

मी खिशातून कागद काढून त्याच्या हाती दिला. त्याने आतला दिवा लावून तो वाचला. 'आधी काहून सांगितलं नाही' असे तो म्हणेल ह्या धास्तीने मी तयारी करून बसलो होतो. तो तसे म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, "पाडवा झाला की जाऊ." आणि मोटार सुरू केली. त्याने क्लिप लावली नाही, ह्याचे मला आजही बरे वाटते.

पुढचे थोडक्यात सांगतो. तुळशीच्या लग्नाआधी माझ्या दोन नळ्यांत दोन स्टेंट बसले. आत क्षार नव्हते, एवढाच जीपपेक्षा फरक. आता मी रोज दोन मैल चालतो.

परवा कोजागरीला वहिनींना फोन केला.

"कसं काय, वहिनी?"

"ब्येस हाय, भाऊजी."

पूर्वी मी येथे फोन ठेवीत असे. ह्या वेळी ठेवला नाही. काही बोललोही नाही, नुसता थांबलो. पलीकडे बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "टोंगळा दुखून राह्यला थोडासाक."

"थोडासाक म्हणजे किती?" मी विचारले आणि खुर्ची ओढून नीट बसलो.